ट्यूबाचं नुसतं तोंड

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या मराठी आईवडिलांची मुलाच्या संगीताबद्दल ठरलेली स्वप्नं असतात. पहिलं तबल्याचं, दुसरं पेटीचं, आणि 'इथलंच काहीतरी' शिकायचं असेल तर व्हायोलिनचं. ट्यूबा कुणाच्या स्वप्नात येत नाही. यायचा म्हटलं तरी दारातून आत येणं कठीण.

इथल्या शाळांत साधारण पाचवी-सहावीत बँड सुरू होतो. त्याआधी एका संध्याकाळी जिममध्ये टेबलांवर सगळी वाद्यं मांडतात आणि मुलांना एकेक वाजवून बघायला देतात. त्या संध्याकाळी बासरीपुढे रांग होती, सॅक्सोफोनपुढे रांग होती, ड्रमपुढे रांग आणि ढकलाढकली दोन्ही होतं. ट्यूबाच्या टेबलापाशी फक्त ट्यूबा होता. बँडच्या बाई मात्र त्याच्यामागे दबा धरून उभ्या होत्या. बासऱ्या कितीही झाल्या तरी बँडला खालून आधार देणारं कुणीतरी लागतं, आणि ते पैदा करणं बाईंच्या गळ्यात असतं. सॅक्सोफोनच्या रांगेला कंटाळून आमचे चिरंजीव जरा बाजूला सरकले आणि थेट बाईंच्या तावडीत सापडले. त्यांनी त्याच्या हातात माऊथपीस दिला, ओठ मिटायला सांगितले आणि हवा सोड म्हणाल्या. फुर्रर्र! याच आवाजासाठी त्याने घरी आजवर असंख्य धपाटे खाल्ले होते. बाई म्हणाल्या, "वंडरफुल!" पोरगं जन्मात पहिल्यांदाच या आवाजाची तारीफ ऐकत होतं. ट्यूबा तिथल्या तिथे ठरला.

घरी येऊन आम्ही टेप घेतली आणि दिवाणखान्यात त्याला जागा कुठे करायची ते मोजलं. सोफा सरकवला, कुंड्या हलवल्या. सगळी मेहनत फुकट. ट्यूबा शाळेचा असतो आणि शाळेतच राहतो. दहा किलोच्या आसपासचं ते धूड स्कूलबसमध्ये चढू देत नाहीत. घरी येतो तो माऊथपीस, खिशातून. बाकीच्यांच्या घरी वाद्य येतं. ते वाईट वाजतं, पण वाजतं तरी. आमच्याकडे आलं ते ट्यूबाचं नुसतं तोंड.

ही वस्तू दिसायला अगदी गरीब. चांदीचा मुलामा दिलेली पितळी वाटी, तळाला भोक, भोकाखाली निमुळती दांडी. ट्रम्पेटच्या वाटीचा आतला व्यास 16-17 मिलिमीटर, ट्रॉम्बोनचा 25-26, ट्यूबाचा 32-33. म्हणजे पोराचे दोन्ही ओठ आत मावतात आणि नाक कडेवर टेकतं. ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, मधला भाग सैल सोडायचा, पोटातून श्वास भरायचा आणि तो न अडवता बाहेर जाऊ द्यायचा. ओठ थरथरतात, वाटी गुणगुणते, दांडीच्या टोकाशी थेंब जमतो आणि डायनिंग टेबलावर पडतो. दहा मिनिटांनी माऊथपीस खाली ठेवला की तोंडाभोवती लालबुंद वर्तुळ उमटलेलं असतं. ते घेऊनच चिरंजीव बसस्टॉपवर जातात. बसमधली मुलं त्यावरून एकमेकांची जात ओळखतात: वर्तुळ जितकं मोठं, वाद्य तितकं खालच्या सुराचं.

यामागचं शास्त्र मला मुलानेच समजावलं. पितळी वाद्यात आवाज पितळ काढत नाही, ओठ काढतात. ट्यूबाचा खालचा बी फ्लॅट लावायचा तर ओठांनी सेकंदाला 58 वेळा उघडझाप करायची. पुढची नळी त्या थरथरीला वळण लावते. ट्रॉम्बोनची नळी 9 फुटांची, मोठ्या बी फ्लॅट ट्यूबाची सरळ केली तर 18 फूट भरते. भोंग्यापर्यंत गेलेली लाट काही अंशी परत फिरते आणि ओठांना सांगते, अरे, इथे नाही, जरा खाली. ओठ सुराच्या आसपास फिरकले तरी पुरतं. नळी त्यांना ओढून सुरात बसवते. नळी म्हणजे एकत्र कुटुंब. चूक कुणाची ते बाहेर कळत नाही, आणि लग्नकार्यात सगळे हसतमुख दिसतात. माऊथपीस नळीतून उपसला की मुलगा वेगळा राहायला गेला. आता चुकला तर त्याचा तोच, आणि ते सगळ्या गल्लीला कळतं.

म्हणूनच शिक्षक नुसत्या माऊथपीसवर वाजवून घेतात. सूर आधी कानात असेल तरच ओठांवर येतो. नळीवर भिस्त ठेवायची सोय नाही. यातला एक व्यायाम सायरनचा: खालून वर, वरून खाली, मध्ये कुठेही न तुटता. तो पहिल्यांदा झाला त्या सकाळी बायको स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म काढत होती. अलार्म खाली आला, बॅटरी बाहेर आली, सायरन चालूच. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने मात्र तो व्यायाम पहिल्याच दिवशी उचलला.

या विद्येचं एक मोठं पीठ शिकागोतच होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आर्नॉल्ड जेकब्स 1944 ते 1988 अशी 44 वर्षं शिकागो सिम्फनीत ट्यूबा वाजवत होते. मिशिगन अव्हेन्यूवरच्या फाइन आर्ट्स बिल्डिंगमध्ये त्यांची शिकवणीची खोली होती, आणि तिथे श्वास मोजायची दवाखान्यातली उपकरणं मांडलेली असत. सगळ्यात जास्त हवा पिणारं वाद्य वाजवणाऱ्या या गृहस्थांना स्वतःला दम्याचा त्रास होता. त्यांच्या शिकवणीचं सार दोन शब्दांत सांगतात: गाणं आणि वारा. ओठ काय करतायत याची चिंता करू नका. डोक्यात गाणं वाजू द्या आणि वारा सोडा. माऊथपीसवर कोरडी कवायत करण्यापेक्षा चाली वाजवा, असं त्यांचं सांगणं. कुठलीही चाल चालेल, पाठ हवी.

दुसरं पीठ रोचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये. तिथे एमरी रेमिंग्टन 1922 पासून 1971 पर्यंत ट्रॉम्बोन शिकवत होते. विद्यार्थी त्यांना 'चीफ' म्हणत. सकाळी ओठ तापवायचे त्यांचे पाठ ट्रॉम्बोनवाले आजही घोकतात. बी फ्लॅट, खाली ए, परत बी फ्लॅट. मग बी फ्लॅट, त्याहून खाली ए फ्लॅट, परत बी फ्लॅट. दर खेपेला एक पायरी अधिक उतरायची आणि मुकाट्याने घरी परतायचं. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला सात जागा असतात. सातवीपर्यंत हात पोचतो तेव्हा घरातल्या माणसांचा धीरही तिथेच कुठेतरी पोचलेला असतो.

कुणी विचारेल, एवढी तयारी कशासाठी? न वाजवण्यासाठी. खालच्या पितळवाल्यांच्या आयुष्याचा मोठा हिस्सा बसून राहण्यात जातो. बेथोव्हनच्या 1808 साली पहिल्यांदा वाजलेल्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोन तोंड उघडतात ते थेट चौथ्या भागात. ब्राम्सच्या 1876 सालच्या पहिल्या सिम्फनीत त्यांचा छळ आणखी नाजूक आहे. सुमारे अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि मग गार पडलेल्या ओठांनी एक प्रार्थनेसारखी चाल अगदी हळुवार वाजवायची. व्हायोलिनवाले तोवर घामाघूम होऊन छान तापलेले असतात. ट्यूबाची कथा त्याहून निराळी. द्वोर्झाकच्या 1893 सालच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत ट्यूबा येतो तो फक्त दुसऱ्या भागात. माणूस काळा कोट चढवून, डाउनटाउनचं पार्किंग भरून, दहा किलोचं वाद्य जिन्यावरून चढवून येतो, बोटांवर मोजता येतील एवढे सूर लावतो, आणि शेवटी टाळ्या सुरू झाल्या की सगळ्यांबरोबर उभा राहतो. असले वादक वाट बघताना माऊथपीस मुठीत धरून ऊब देत बसतात, यात नवल नाही. त्यांच्याजवळ करण्यासारखं तेवढंच असतं.

मराठी माणसाला इथे परकं वाटू नये म्हणून या क्षेत्रात दोन गटही आहेत. पहिला गट म्हणतो, सकाळी आधी माऊथपीस, मग वाद्य. त्यावाचून दिवस सुरूच होत नाही. दुसरा म्हणतो, हे थोतांड आहे. नळीचा प्रतिकार नसला की ओठ नको तितके आवळतात, आणि माऊथपीसवर कमावलेलं वाद्यावर जाऊन निस्तरावं लागतं. मधल्या मार्गाचे लोक म्हणतात, पाचेक मिनिटं करा, आणि दांडीचं भोक बोटाने अर्धवट झाका, म्हणजे नळीचा थोडा भास होतो. दोन्ही गटांतली माणसं उत्तम वाजवतात, त्यामुळे वाद मिटायची भीती नाही. गट कुठलाही असो, गाडीत बसल्यावर सगळे सारखेच. लाल सिग्नलला शेजारच्या गाडीत एखादा सभ्य गृहस्थ स्टिअरिंग सोडून चांदीची वाटी तोंडाला लावून डोळे मोठे करताना दिसला, तर पोलिसांना फोन करू नका. तो कामावर चालला आहे.

मुलगा सातवीत गेला त्या वर्षी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. विमानाने झोपेचं गणित बिघडवलेलं, त्यामुळे पहाटे उठून ती भ्रामरीला बसली. डोळे मिटून, कानांवर अंगठे ठेवून तिने गुणगुण सुरू केली, आणि वरच्या खोलीतून तिला साथ आली. नातू प्राणायाम करतो या कल्पनेने ती इतकी हरखली, की चहाच्या वेळी आम्हाला दोघांनाही तिच्याकडून संस्कारांबद्दल शाबासकी मिळाली. आम्ही ती घेतली. खरा प्रकार तिला दुसऱ्या दिवशी कळला.

"काय रे, हे रोज करायचं?"

"हो आजी. वॉर्मअप असतो तो. लिप्स गरम करायला."

"आणि बाजा कुठाय?"

"शाळेत."

"म्हणजे तंबोरा शाळेत नि गवई घरी," आई म्हणाली आणि तिने माऊथपीस हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग तिने चिंचेची चौकशी केली. चांदीचा मुलामा आहे म्हटल्यावर चिंच रद्द झाली आणि रांगोळीची चौकशी सुरू झाली. माऊथपीस घासण्यासाठी वेगळा ब्रश मिळतो हे सुनेने सांगितलं, तेव्हा आईने तो ब्रश बघितला, त्याची किंमत विचारली आणि ती ऐकून गप्प बसली.

पण आईने तरुणपणी गांधर्व महाविद्यालयाच्या गायनाच्या परीक्षा दिलेल्या. पहाटेचा खर्ज म्हणजे काय ते तिला ठाऊक. गळ्यातल्या सगळ्यात खालच्या सुरावर श्वास संपेतो बसून राहायचं, आणि घरच्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचं. हा त्यातलाच प्रकार आहे हे तिने चटकन ओळखलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती जिन्याच्या पायरीवर बसून देखरेख करू लागली. "वर पळू नकोस. षड्जावर थांब. हलला, हलला. आता बरा." तिला बी फ्लॅट माहीत नव्हता, त्याला षड्ज माहीत नव्हता, दोघांचं उत्तम चाललं होतं.

त्यातच बाईंनी वर्गाला सांगितलं, माऊथपीसवर एखादी अशी चाल बसवा जी पुस्तक न बघता सुरुवातीपासून शेवटपर्यंत येते. चिरंजीवांना अशी एकच चाल येत होती. दर गणपतीला पोटात मोदकाची आस ठेवून म्हटलेली, 'सुखकर्ता दुखहर्ता'. पहिलं कडवं वरच्या मजल्यावरून खाली आलं तेव्हा बायकोच्या हातातला झारा थांबला.

"अहो आई, हे बघा काय चाललंय! देवाची आरती अशी फुरफुर करत म्हणतात का?"

"अगं, मग शंख काय नाकाने वाजवतात?" आई म्हणाली.

या युक्तिवादाला शास्त्राचा भक्कम आधार आहे. शंखातही ओठच थरथरतात, ट्यूबातही ओठच. ओठांची कला समुद्राच्या काठी पडलेल्या शंखावर सुरू झाली असेल. पितळाला भाव नंतर आला. बायकोने झारा पुन्हा चालवायला घेतला, आणि आरती घरात अधिकृत झाली.

आमच्या मंडळाच्या गणपतीत याचा पडताळा आला. मंडळाकडे पुण्याहून आणलेली एक तुतारी आहे. ती दर वर्षी मिरवणुकीत फेट्याइतक्याच मानाने धरली जाते आणि फेट्याइतकाच आवाज करते. आजी-माजी अध्यक्ष, ढोलपथकातले दणकट तरुण, एक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, सगळ्यांनी ती फुंकून पाहिलेली. गाल फुगायचे, कानशिलं लाल व्हायची, आणि पलीकडून फक्त वारा यायचा. अडचण अशी, की तुतारी फुंकून वाजतच नाही. ओठांना थरथर यावी लागते, आणि ती छातीच्या जोरावर येत नाही. चिरंजीवांनी ती मागितली तेव्हा मंडळातल्या एका काकांनी कौतुकाने हसून दिली. त्याने ओठ ओले केले, कोपरे घट्ट धरले, "आजी, हे फारच छोटं आहे," अशी तक्रार केली, आणि पार्किंग लॉटच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या प्रसादाच्या रांगेने एकदम माना वळवल्या. ढोलवाले थबकले. हृदयरोगतज्ज्ञांनी पुढे होऊन पोराचे गाल दाबून बघितले.

"कुठे शिकलास रे?"

"मी ट्यूबा वाजवतो."

"म्हणजे नक्की काय करतोस?"

हा प्रश्न खालच्या पितळवाल्यांना आयुष्यभर विचारला जातो, आणि तो रास्तही आहे. बासरीवाल्याला विचारा, तो त्याची चाल गुणगुणून दाखवेल. ट्यूबावाला काय गुणगुणणार? पहिली मात्रा, तिसरी मात्रा, पहिली मात्रा, तिसरी मात्रा, आणि पुढे सोळा आवर्तनं गप्प. आमच्या घरातली त्याची शीट म्युझिकची फाइल मी चाळली आहे. तिच्यात सुरांपेक्षा विरामाच्या खुणा जास्त आहेत, आणि प्रत्येक विरामावर पेन्सिलीने काढलेलं एक छोटं, वैतागलेलं तोंड आहे.

ही कोंडी फोडायला एका ट्यूबावाल्यालाच पुढाकार घ्यावा लागला. हार्वी फिलिप्स यांचे गुरू विल्यम बेल 1902 सालच्या नाताळच्या दिवशी जन्मलेले. त्यांच्या सन्मानार्थ फिलिप्स यांनी 1974 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या आइस रिंकवर शेकडो ट्यूबा आणि युफोनियम गोळा केले आणि त्यांच्याकडून नाताळची गाणी वाजवून घेतली. 'ट्यूबा ख्रिसमस' नावाने हा मेळा आता दर डिसेंबरात कितीतरी शहरांत भरतो, शिकागोतही. नियम सोपा: ट्यूबाच्या आणि युफोनियमच्या गोतावळ्याबाहेरचं कुणी नको. बासरीला प्रवेश नाही, व्हायोलिनला नाही. चाल वाजवायला दुसरं कुणी उरतच नाही, त्यामुळे ती यांनाच मिळते. माणसं घोगऱ्या सुरात, हरखून, वर्षभराचं उट्टं काढतात.

मला वाटतं, सकाळच्या त्या फुरफुरीचं मर्मही इथेच आहे. पुस्तकं म्हणतात ती ओठांसाठी, कानांसाठी, श्वासासाठी. असेल. पण माऊथपीस हातात घेतला की मागे ऑर्केस्ट्रा नसतो, पुढे व्हायोलिन नसतात, मोजायला विराम नसतात. दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्याला खांदा देणाऱ्या माणसाला तेवढी दहा मिनिटं अख्खं गाणं मिळतं, सम सोडून बाकीच्या मात्रांसकट. त्याला मुलामा नसतो, एवढाच काय तो तोटा. रेमिंग्टनचे पाठ वर्षानुवर्षं कोण निव्वळ शिस्तीपायी घोकेल? माणूस लोभी असतो. त्याला चाल हवी असते.

डिसेंबरात शाळेचा कार्यक्रम झाला. मी पहिल्या रांगेत बसून व्हिडिओ काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सांगलीहून काकांनी विचारलं, "आपला कुठला?" मी मागच्या रांगेतल्या भोंग्याभोवती बाण काढून पाठवला. आत्याने विचारलं, "तो वाजवतोय की नुसता धरून बसलाय?" मी व्हिडिओतली वेळ कळवली, जिथे तो वाजवतो. उत्तर आलं, "ऐकू नाही आलं."

हे आईच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली, वरच्या खोलीतला सराव तिने रेकॉर्ड केला आणि खाली एकच ओळ लिहून ग्रुपवर सोडला: "चाल ओळखा." आत्याने लिहिलं, आरती. मामांनी लिहिलं, राष्ट्रगीत, आणि सोबत तिरंगा टाकला. काकांनी लिहिलं, मिक्सरची ब्लेड झिजली आहेत, वेळीच बदलून घ्या.

आईने तिघांनाही नापास केलं. 'जिंगल बेल्स' होतं ते. बाई त्याला शनिवारी ट्यूबा ख्रिसमसला नेणार होत्या. सांगलीत ते कुणाला कळलं नाही यात तिला विशेष काही वाटलं नाही. "यांना आधी खर्ज ऐकायची सवय लावली पाहिजे," असं म्हणून तिने दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर रोज एक पाठवायला सुरुवात केली.